डिझेल कुणाचं?

हमरापूरच्या त्या शेडमध्ये भरदुपारी ट्यूबलाइट लावाव्या लागल्या होत्या. बाहेर पाऊस धरून होता. पत्र्यावर इतका आवाज की बोलायचं तर कानाशी जावं लागत होतं. एक पिकअप मागे घेत घेत थेट दारात आणून लावलेली. हौदा आत, केबिन पावसात. हौद्यात आधी हातभर पेंढा पसरला. मग वर चढलेल्या पोराने हात पुढे केले आणि खालच्याने पहिला गणपती त्याच्या हातात दिला. मोठ्या मूर्ती केबिनकडे पाठ करून, त्यांच्या पुढ्यात मधल्या, कडेकडेने फुटाच्या. सोंड आणि हात यांच्या फटीत कागदाचे बोळे. प्रत्येक मूर्तीच्या चारी अंगांना पेंढ्याची मूठ दाबून. एकावर एक काही नाही. कारखाना चालवणाऱ्या वहिनी वही घेऊन दाराशी उभ्या होत्या. मूर्ती पुढे गेली की पेन्सिलीची एक उभी रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी.

हौदा भरला, ताडपत्री आवळली. मी वाकून चाकांकडे पाहिलं. टायर जराही दबले नव्हते.

त्या न दबलेल्या टायरांपासून या लेखाची सुरुवात करतो. संपादकांनी यंदा विषय दिला ‘इंधन’. पेट्रोल-डिझेल महागलं की छोटा धंदेवाला आणि हौशी माणूस नेमकं काय करतो, हे जाऊन बघून लिहा, असं सांगितलं. मी पेण आणि रोहा हे दोन तालुके निवडले. मुंबईपासून लांब नाहीत, तरी इथला जवळजवळ प्रत्येक लहान धंदा आणि प्रत्येक मोठी हौस कुठल्या ना कुठल्या गाडीच्या हौद्यात बसूनच पुढे जाते.

जागेचं भाडं

पेण शहर, आणि तालुक्यातली हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं गणपतीच्या कारखान्यांची. कारखाना म्हणजे धुराडं नव्हे. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये फळ्यांचे मजले, फळ्यांवर ओळीने गणपती. कुणी फक्त साच्यातून कच्च्या मूर्ती काढतं, कुणी घासून गुळगुळीत करतं, कुणी रंगवतं, आणि डोळ्यांची आखणी करणारा हात तर वेगळाच असतो. इथून कच्च्या मूर्तीही बाहेर जातात आणि रंगवलेल्याही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि त्याही पलीकडे.

पीओपीची मूर्ती आतून पोकळ. वजन कमी, पण जागा पुरती अडवते. साखरेची पोती असती तर गाडीवाल्याने वजनावर भाडं सांगितलं असतं. गणपतीला भाडं जागेचं. गाडी अर्ध्या वजनावरच भरते, डिझेल मात्र जायचं-यायचं दोन्हीकडचं जळतं, कारण गणपती पोचवून येताना हौद्यात उरतो तो चुरगळलेला पेंढा. शाडूची मूर्ती हलकी नसते आणि धक्काही सोसत नाही. तिला पेंढा जास्त, मोकळी जागा जास्त, म्हणून एका फेरीत मूर्ती कमी. पर्यावरणासाठी शाडूकडे वळा असं आपण शहरातले लोक सहज म्हणतो. मलाही ते पटतं. पण त्या वळण्यात डिझेलचाही एक वाटा आहे, तो कुणी उचलायचा हे आपण कधी विचारलेलं नाही.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब मांडला. पेण ते दादर जाऊन-येऊन साधारण 160 किलोमीटर. भरलेली पिकअप लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते असं धरलं तर पंधरा लिटर डिझेल. लिटरमागे 10 रुपये वाढले तर फेरीला दीडशे रुपये. हौद्यात लहान-मोठे मिळून साठ गणपती असतील तर नगामागे अडीच रुपये. एवढ्याशा रकमेने कुणी बुडत नाही, असं मला वाटलं आणि मी ते वहिनींना बोलूनही दाखवलं.

त्यांनी वही मिटली. “आणि पीओपीची गोणी काय चालत येते?”

खरंच आहे. पीओपीचा जिप्सम दगड राजस्थानातला, बिकानेर-नागौरकडचा. तो भट्टीत दीडशेएक अंशांवर भाजून, दळून, गोण्यांत भरून हजारावर किलोमीटर ट्रकने येतो. म्हणजे भाजायला इंधन आणि आणायला इंधन. शाडू येते गुजरातेतून. साच्यात मजबुतीला घालायचा काथ्या, रंग, थिनर, पाऊस आत येऊ नये म्हणून शेडला बांधायचं प्लास्टिक, यातलं काही ट्रकने येतं आणि काही तर थेट खनिज तेलापासूनच बनतं. पावसात मूर्ती वाळत नाहीत म्हणून पंखे आणि मोठे दिवे लावायचे. वीज गेली की जनरेटर. माझे अडीच रुपये हा फक्त शेवटचा घास होता. त्याआधीचे घास मूर्तीने साच्यात असतानाच खाल्लेले असतात.

भाव माघात, डिझेल श्रावणात

वहिनींच्या वहीचं पहिलं पान थंडीतलं आहे. गणपती गेले की दिवाळीनंतर कामाला हात लागतो, आणि पौष-माघात मुंबई-पुण्याचे व्यापारी येऊन माल सांगून जातात. इतके फुटाचे, इतके दीड फुटाचे, अमुक आसन, तमुक रंग. थोडी आगाऊ रक्कम दिली जाते आणि भाव ठरतो. हा भाव बहुतेक वेळा ‘पोच’ असतो, म्हणजे माल दुकानाच्या दारात उतरवून देण्याचा. थंडीत लिहिलेला तो आकडा पावसाळ्यापर्यंत हलत नाही. हलतं ते डिझेल.

2021 साल आठवा. जानेवारीत मुंबईत डिझेल लिटरला 80 रुपयांच्या आसपास होतं. मे महिन्याच्या अखेरीस पेट्रोलने शंभरी ओलांडली. जुलै-ऑगस्टात, ऐन गणपती भरण्याच्या दिवसांत, डिझेल 97 च्या घरात पोचलं. ऑक्टोबरात तेही शंभरीपार गेलं. केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं आणि मुंबईत डिझेल एका रात्रीत बाराएक रुपयांनी उतरलं ते 4 नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. त्या वर्षीची गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला होऊन गेली होती. पेणच्या कारखानदाराने थंडीतला भाव घेतला, पावसाळ्यातलं डिझेल भरलं, आणि स्वस्ताई आली तेव्हा त्याच्या शेडमध्ये नुसत्या फळ्या उरल्या होत्या. शिवाय ते करोनाचं दुसरं वर्ष; मंडळांची मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची, अशी मर्यादा सरकारने घातलेली. ज्या मोठ्या मूर्तींत चार पैसे सुटतात त्याच नेमक्या नव्हत्या.

यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले जून 2010 मध्ये, डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये, आणि 16 जून 2017 पासून देशभर दर रोज बदलण्याची पद्धत आली. पूर्वी भाववाढ जाहीर होऊन यायची, पेपरात मथळा व्हायचा, आणि त्या मथळ्याच्या जोरावर गाडीवाला भाडं वाढवून मागायचा. 2021 मध्ये दर वाढले ते रोज पंचवीस-तीस पैशांनी. तीस पैशांसाठी तोंड उघडायचं कसं? भाडं वाढवून मागायला काहीतरी निमित्त लागतं, आणि पैशापैशाने चढणारी महागाई ते निमित्तच देत नाही. दोन महिन्यांनी हिशेब जुळत नाही तेव्हा कळतं की लिटरमागे दहा-बारा रुपये कधीच वाढून गेले.

परदेशी जाणाऱ्या मूर्तींची तऱ्हा आणखी वेगळी. अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी मंडळांसाठी पेणचे गणपती शिमग्याच्या आगेमागे कंटेनरमध्ये बसतात, कारण समुद्राची वाट काही आठवड्यांची. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. दिवस वाढले, तेल वाढलं, कंटेनरचं भाडं वाढलं. हमरापूरची माती आणि येमेनचा किनारा यांचा संबंध असा येतो.

त्यात मूर्ती कशाच्या करायच्या याचाच निकाल वर्षानुवर्षं लागत नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला वाट मोकळी केली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मनाई मात्र ठेवली. जूनमध्ये वाट मोकळी झाली, तर गणपती ऑगस्टअखेरीस. थांबलेलं काम दोन महिन्यांत उरकायचं म्हटलं की सगळ्यांना गाड्या एकाच आठवड्यात हव्या असतात, आणि गाडीवाल्याला कधी नव्हे ते भाव सांगायची मुभा मिळते.

उन्हावर चालणारा धंदा

पेणचा दुसरा लौकिक पोह्यांचा आणि पोह्याच्या पापडांचा. पोह्यांच्या गिरणीत भात भिजवून, भाजून, दाबून पोहे होतात आणि भट्टीत जळतो तो त्याच भाताचा कोंडा. पापड-मिरगुंडं वाळतात चैत्र-वैशाखाच्या उन्हात. डिझेलच्या नावाने बोटं मोडणाऱ्या दोन आठवड्यांत मला हा धंदा पाहून बरं वाटलं. जळण घरचं, ऊन फुकटचं. पण पापडखार, हिंग, मिरची आणि प्लास्टिकच्या पिशव्या बाहेरून येतात, आणि दुकानापर्यंत पापड न्यायला पुन्हा गाडी आहेच. पाकिटावर छापलेला भाव सहजी बदलता येत नाही, मग वाढ थांबते ती लाटणाऱ्या बायकांच्या मजुरीची. पापड लाटणारीने आयुष्यात डिझेल विकत घेतलेलं नसतं, तरी डिझेलची वाढ तिच्या हातावर येऊन बसते.

गाडी एक, हंगाम चार

त्या पिकअपच्या मालकाला शेडमधली पोरं मामा म्हणत होती, मीही म्हणू लागलो. पेण तालुक्यातलेच, पन्नाशी ओलांडलेले. गाडी एकच, पण तिचं वर्ष चार हंगामांत वाटलेलं आहे. आषाढ-श्रावणात गणपती, दिवाळीनंतर भाताची पोती, उन्हाळ्यात लग्नाचं सामान आणि आंबे, आणि थंडीभर रविवारी शर्यतीचे बैल.

हे बैल म्हणजे रायगडची मोठी हौस. इथे शर्यतीला छकडा जुंपतात, हलका, दोन चाकांचा. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत नाहीतर समुद्राच्या ओल्या वाळूवर धावा होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या. बैल गोठ्यात बसून राहिले तरी मालकांनी खुराक बंद केला नाही. विकला तर नाद गेला आणि घराण्याचं नावही गेलं, ही भावना. 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा शर्यतींचा कायदा उचलून धरला. म्हणजे साडेसात वर्षं बसलेली हौस पुन्हा उभी राहिली ती नेमकी डिझेलने शंभरी ओलांडली त्या वर्षात.

जुनी माणसं सांगतात, पूर्वी बैल चालत जायचे. पहाटे जुंपून शेजारच्या गावी पोचायचं, दुपारी धावायचं, संध्याकाळी परत. म्हणून शर्यतीही पाच-सात कोसांच्या आतल्या. आता अलिबागची जोडी रोह्याला आणि पेणची मुरूडला जाते, आणि शर्यतीच्या बैलाला दमवायचं नाही म्हणून तो हौद्यातून जातो. खाली वाळू किंवा गवताचा थर, दोन्ही बाजूंना दोर, आणि एक माणूस बैलाच्या मानेवर हात ठेवून पूर्ण वाट उभा. बैल हौद्यात असताना मामा तिसऱ्या गियरच्या वर जात नाहीत. गाडी सावकाश चालते, डिझेल जास्त पिते, आणि मामांना ते मान्य असतं, कारण ब्रेक दाबल्यावर बैलाचा पाय सटकला तर वर्षाची मेहनत गेली. ते तसंच भाडं लावतात. कुणी घासाघीस करत नाही.

मी एका बैलमालकांच्या गोठ्यात बसलो होतो. पावसाळ्यात बैल विसाव्याला असतात. मालक एका हाताने बैलाच्या वशिंडावरून खरारा फिरवत होते, दुसऱ्या हातात मोबाइलवर मागच्या माघातली धाव लावलेली. डिझेल महागलं तेव्हा काय कमी केलं, असं मी विचारलं. खुराक नाही, ते लगेच म्हणाले. मग खरारा थांबला. पूर्वी लहान खोंडांनाही शर्यतीला घेऊन जायचो, त्यांना गर्दीची, आवाजाची सवय व्हावी म्हणून. आता हौद्यात जागा फक्त धावणाऱ्या जोडीला. खोंड घरीच राहतो.

मला त्या वाक्यात सगळी गोष्ट दिसली. धंदेवाला वाढलेल्या डिझेलमधला थोडा तरी भाग गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकू शकतो. छंदाला गिऱ्हाईकच नसतं. छंदवाला फक्त कमी करू शकतो, आणि तो आधी कमी करतो ते शिकणं. आजची शर्यत चुकत नाही, चार वर्षांनंतरची चुकते.

गावोगावच्या टेनिस क्रिकेटमध्येही हेच. रात्रीचे सामने हे या पट्ट्यातलं मोठं वेड. बांबूंवर हॅलोजन, बाजूला घरघरणारा जनरेटर, आणि माइकवर आगरी बोलीतलं समालोचन. जनरेटर भाड्याने देणाऱ्याचा करार एका ओळीचा असतो: भाडं इतकं, डिझेल तुमचं. जेसीबीवाला तसंच म्हणतो, शेत नांगरून देणारा ट्रॅक्टरवालाही कित्येकदा तसंच. डिझेल वाढलं की मंडळाला वर्गणी वाढवावी लागते, संघांची प्रवेश फी वाढवावी लागते, नाहीतर सामने रात्री बाराऐवजी दहालाच आटोपावे लागतात.

‘डिझेल तुमचं’ हे दोन शब्द ऐकले आणि मला वहिनींची वही आठवली. त्यांच्या ‘पोच’ या शब्दाचा अर्थ ‘डिझेल आमचं’. इंधन महाग झालं की कोण किती भाजतो ते गाडीच्या आकारावर किंवा धंद्याच्या उलाढालीवर ठरत नाही. ठरतं ते ‘तुमचं’ आणि ‘आमचं’ यांतला कुठला शब्द थंडीत बोलला गेला यावर. पेणमध्ये फिरताना मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत सुटलो, डिझेल कुणाचं?

खाली पाणी नेतं, वर गाडी

पेणहून रोह्याला मेमूने गेलो. कासू, नागोठणे, निडी, रोहा. स्टेशनाबाहेर मिनिडोर उभ्या. रायगडबाहेरच्या वाचकाला हे वाहन सांगायला हवं: तीन चाकांची, मोठ्या रिक्षासारखी गाडी, माणसं समोरासमोर बसवून नेणारी. सीट भरल्याशिवाय सुटत नाही. इथे डिझेल कुणाचं याचं उत्तर वाट बघण्यात आहे. भाडं पटकन वाढवता येत नाही, कारण रोजचे प्रवासी शाळेतली पोरं, बाजारच्या बाया, धाटावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार. म्हणून चालक आणखी एका सवारीसाठी थांबतो. पूर्वी दहा मिनिटांत सुटणारी गाडी पंधरा मिनिटांनी सुटते. ती पाच मिनिटं प्रवाशाची जातात. त्यांची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही.

पुढे सीएनजीच्या गाड्या आल्या आणि थोडा श्वास मिळाला. 1 एप्रिल 2022 पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. पण त्याच वर्षी युक्रेनचं युद्ध पेटलेलं, जगभर गॅस महागला, आणि वर्ष संपेपर्यंत मुंबई परिसरात सीएनजी किलोला नव्वदीच्या घरात पोचला. सीएनजीसाठी कर्ज काढून गाडी बदललेल्या माणसाला हा धक्का डिझेलवाल्यापेक्षा मोठा होता, कारण त्याने स्वस्ताईवर विश्वास ठेवून हप्ता डोक्यावर घेतला होता.

रोह्याहून कोलाड जवळच. कुंडलिकेचं राफ्टिंग हा इथला नवा धंदा, आणि येणाऱ्यांचा छंद. नदीला पाणी असतं ते टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून सोडलेलं. 1927 साली सुरू झालेल्या या केंद्रात मुळशीच्या तलावाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणून वीज करतात, आणि चाकं फिरवून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी आणि मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच पाण्यावर आज कोलाडची पोरं वल्हं मारतात. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट निघतात.

राफ्टला इंजिन नाही. बाराएक किलोमीटर पाणीच नेतं. मी खालच्या काठावर उभा राहून राफ्ट येताना पाहिल्या; भिजलेली, ओरडणारी, आनंदलेली माणसं उतरली आणि गेली. मग खरं काम सुरू झालं. चार जणांनी राफ्ट डोक्यावर उचलली, ट्रकच्या टपावर चढवली, दोर आवळले, हेल्मेटं आणि लाइफ जॅकेटं पोत्यांत कोंबली, आणि ट्रक पुन्हा वरच्या टप्प्याकडे निघाला. खाली येणं पाण्याचं, वर जाणं डिझेलचं. प्रत्येक खेपेला. आणि येणारा पाहुणा मुंबई-पुण्याहून शे-सव्वाशे किलोमीटर स्वतःची गाडी चालवत आलेला. त्याने पंपावर जास्त पैसे मोजले की तो राफ्टिंगला नकार देत नाही, राहायला नकार देतो. सकाळी येऊन संध्याकाळी परत. राफ्टवाल्याचं तिकीट खपतं, पण शेजारच्या घरगुती खानावळीतलं रात्रीचं मटण आणि भाकरी खपत नाही. कोलाडात ज्या ताईंनी मला जेवू घातलं त्यांचं म्हणणं होतं की शनिवारी रात्री किती चुली पेटल्या यावरून त्यांना पेट्रोलचा भाव कळतो.

कुंडलिका पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथल्या होड्यांचा हिशेब मला सर्वांत कठोर वाटला. कोकणपट्टीची रीत अशी की मासळी विकून आलेल्या पैशातून आधी डिझेल आणि बर्फ वजा होतो, आणि उरलं त्याचे वाटे पडतात, मालकाचा, होडीचा, जाळ्याचा, खलाशांचे. म्हणजे डिझेल सगळ्यांचं. राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरील व्हॅटचा परतावा देतं, पण परतावा उशिरा येतो आणि डिझेल रोख लागतं. मार्च 2022 मध्ये घाऊक ग्राहकांसाठीचं डिझेल एकदम लिटरमागे 25 रुपयांनी महाग झालं, आणि मच्छीमार सोसायट्या घाऊक ग्राहकांत मोडत होत्या. रस्त्यावरच्या पंपावर स्वस्त आणि बंदरावरच्या सोसायटीत महाग, असं ते उलटं गणित. पगारी माणसाला महागाई भत्ता मिळतो. खलाशाला वाटा मिळतो, आणि वाट्यातून पहिला घास डिझेल खातं.

इंजिन बंद करून चारशे किलोमीटर

कोलाड स्टेशनावर आणखी एक दृश्य आहे, तासभर थांबून बघावं असं. मालाचे ट्रक एकामागून एक उतारावरून सपाट वाघिणींवर चढतात, चाकांना अडसर लागतात, चालक इंजिन बंद करतात आणि केबिनमध्ये आडवे होतात. ट्रकसकट गाडी गोव्याला वेर्ण्याकडे निघते. कोकण रेल्वेची ही रो-रो सेवा 26 जानेवारी 1999 ला इथूनच सुरू झाली. घाटाघाटांतून पहिल्या-दुसऱ्या गियरवर जळणारं डिझेल वाचतं, टायर वाचतात, माणूस झोपतो. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, तेव्हापासून तर हा प्रवास विजेवर होतो.

हेच खाजगी मोटारींसाठी 2025 च्या गणेशोत्सवात करून पाहिलं. 23 ऑगस्टपासून कोलाड ते वेर्णा, एका गाडीवर चाळीस मोटारी, मोटारीमागे 7,875 रुपये. सुरुवातीचा प्रतिसाद तोकडा होता, आणि हिशेब केला की कारण दिसतं. कोलाड-गोवा साडेचारशे किलोमीटर, मोटार लिटरला पंधरा देते, तीस लिटर पेट्रोल, तीन हजारांच्या थोडं वर. शिवाय मुंबईहून कोलाडपर्यंतचा, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाचा सर्वांत रखडलेला तुकडा स्वतः चालवत यायचाच. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला. त्यानंतर कित्येक पावसाळे लोकांनी त्याच खड्ड्यांतून गौरी-गणपतीला गाव गाठलं. खड्ड्यात गियर बदलताना जळालेलं डिझेल ही सुद्धा भाववाढच, फक्त ती पंपावरच्या फलकावर लागत नाही.

ट्रक रेल्वेवर चढताना पाहून मला साहजिकच पेणचे गणपती आठवले. पण रो-रो दक्षिणेला जाते आणि पेणचं गिऱ्हाईक बहुतेक उत्तरेला आणि घाटावर. अंतरही कमी; सत्तर-ऐंशी किलोमीटरसाठी गाडी वाघिणीवर चढवणं परवडणारं नाही. मोठ्यांना उपयोगी पडलेली युक्ती लहानांच्या अंतरात बसत नाही. मग त्यांच्या अंतरात बसेल असं काय?

मामांच्या आणि आणखी तीन-चार गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक ग्रुप आहे. दादरला गणपती उतरवले की ‘खाली आहे, पेण’ एवढं त्यावर टाकायचं. कुणाला मशीद बंदरहून रंगाचे डबे आणायचे असतात, कुणाला प्लास्टिकचे रोल, कुणाला शाळेची बाकं. परतीचं भाडं मिळालं तर जातानाचं भाडं मामा तेवढं कमी लावतात. हे कुणी शिकवलेलं नाही. 2021 च्या पावसाळ्यात गरजेने सुरू झालं आणि चालू राहिलं. तालुक्यातल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून एकाच दिशेच्या फेऱ्या एकत्र लावल्या, आणि बुकिंगच्या कागदावर मूर्तीचा भाव वेगळा आणि गाडीचा वेगळा लिहायची पद्धत पाडली, तर हंगामातला मोठा चटका निवेल असं मला मनापासून वाटतं. व्यापारी सुरुवातीला कुरकुरतील. पण एकट्या कारखानदाराला ते नाही म्हणू शकतात, सगळ्या गावाला म्हणणं अवघड जाईल.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मी पुन्हा हमरापूरला गेलो. शेड रिकामी होती, फळ्या धुऊन उभ्या केलेल्या. कोपऱ्यात पेंढ्याचा ढीग. तो बैलवाले घेऊन जाणार होते. वहिनी नव्या वहीला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालत बसल्या होत्या. त्यांनी पहिल्या पानावर पट्टी ठेवून एक रकाना जास्तीचा आखला आणि वर लिहिलं, गाडी.

तेवढ्यात पुण्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. पुढच्या वर्षीचे दीड फुटाचे सांगायचे होते. भाव बोलून झाला. मग वहिनी म्हणाल्या, यंदा गाडी वेगळी लावणार आहे, भाऊ. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. वहिनी ऐकत होत्या, मध्ये मध्ये हो, हो म्हणत होत्या, पेन्सिल त्या नव्या रकान्यावर टेकवून. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रकान्यात लिहिलं, निम्मी.